भिंतीवरचे पाहुणे

चित्रकलेचा तास हा आपल्याकडे शाळेतला सर्वांत निरुपद्रवी तास मानला जातो. गणित चुकले तर मुलगा नापास होतो, इतिहासातली सनावळी चुकली तर मास्तर कान पकडतात; पण चित्रातल्या घोड्याला पाच पाय निघाले म्हणून कोणाचे काही बिघडत नाही, अशी आपली समजूत आहे. परीक्षा जवळ आली की हा तास इंग्रजीला उसना दिला जातो आणि तो उसनवार बहुधा बुडीत खाती जमा होते. मग या तासाला काय शिकवतात आणि कसे शिकवतात याची समीक्षा कोण करणार? कादंबरीची समीक्षा होते, नाटकाची होते, दिवाळी अंकांचीसुद्धा होते. सातवीच्या मुलाच्या चित्रकलेच्या वहीची मात्र होत नाही.

ती व्हावी, असे मला फार वाटते. मी धंद्याने शाळामास्तर, हौसेने कादंबरीकार आणि विद्येने केवळ मॅट्रिक. कलामीमांसेची भारदस्त परिभाषा माझ्यापाशी नाही. पण अकरा ते चौदा या वयातल्या मुलांमध्ये इतकी वर्षे वावरल्यावर एक गोष्ट कळून चुकते. परक्या माणसांविषयीची आपली पहिली मते आपण पुस्तकातून वाचून बनवत नाही. ती डोळ्यांनी पाहून बनतात. एस्किमो म्हटले की बर्फाचे घर, अरब म्हटले की उंट, आफ्रिका म्हटले की मुखवटा आणि आदिवासी म्हटले की त्रिकोणाची माणसे. ही चित्रे एकदा मनात रुजली की पुढे कितीही पुस्तके वाचा, ती जागची हलत नाहीत. म्हणून हा तास मला निरुपद्रवी वाटत नाही.

आमचा पोंभुर्णा तालुका चंद्रपूर जिल्ह्यातला. वैनगंगा ओलांडली की पलीकडे गडचिरोली. साग, बांबू, मोह आणि तेंदू यांचा हा मुलूख. या दोन जिल्ह्यांत गोंड आहेत, माडिया आहेत, कोलाम आहेत, परधान आहेत. वर्गात हजेरी घेताना आत्राम, मडावी, सिडाम, कुळमेथे ही नावे ओळीने येतात. आता या मुलखातल्या शाळांच्या, अंगणवाड्यांच्या, कचेऱ्यांच्या आणि विश्रामगृहांच्या भिंती जरा पाहा. गेरूच्या रंगावर पांढरी त्रिकोणी माणसे, मधोमध तारपा फुंकणारा वादक आणि त्याच्याभोवती गोगलगाईच्या शंखासारखा वळत गेलेला नाच. खाली ठळक अक्षरांत लिहिलेले असते, ‘आदिवासी कला’. चित्र देखणे असते, यात शंका नाही. पण ते वारल्यांचे आहे. वारली राहतात डहाणू, तलासरी, जव्हारकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या अगदी दुसऱ्या टोकाला, अरबी समुद्राच्या बाजूला. आमच्या मडावीच्या पोराने तारपा कधी पाहिलेला नाही आणि त्याच्या आजोबाने तर त्याचे नावही ऐकलेले नाही. तरी भिंत त्याला सांगते आहे की बाळा, हा तू आहेस.

पाहुणे चांगले आहेत, त्यांना कोणी घालवावे असे मी म्हणत नाही. पण घरात सगळीकडे पाहुणेच दिसावेत आणि यजमानाला बसायला ओटाही उरू नये, हे काही बरे नव्हे.

*

प्रथम या पाहुण्यांचीच विचारपूस करू. वारल्यांच्या चित्राला मूळ जागा असते ती लग्नघराच्या भिंतीची. शेणामातीने सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने सवाशिणी चौक लिहितात. चौकात पालघट देवी असते. शेजारच्या देवचौकात पाच शिरांचा देव असतो. हा चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही. म्हणजे हे चित्र शोभेसाठी नाही; ते लग्नाच्या विधीचाच एक भाग आहे. ते लिहायचे कोणी, केव्हा, कोणत्या गाण्याबरोबर, याचे नियम आहेत. आपल्या घरी नागपंचमीला भिंतीवर नाग काढतात किंवा लक्ष्मीपूजनाला पावले काढतात, त्याच जातीची ही गोष्ट.

सत्तरीच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी नावाचा एक मनस्वी चित्रकार सरकारी कामगिरीवर वारल्यांच्या पाड्यांत गेला आणि त्याने त्यांच्या हाती कागद दिला. त्या कागदावर जिव्या सोमा म्हसे या माणसाने जे काढले, त्याने जग थक्क झाले. स्त्रियांचे लिखाण एका पुरुषाने हाती घेतले आणि लग्नाचा चौक ओलांडून शेत, जंगल, मासेमारी, वारुळे, गोष्टी असे सारे जगणे कागदावर आणले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते वारले.

म्हसे यांचे चित्र आणि आमच्या भिंतीवरचे चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहावे. दोन्हींत त्रिकोण आहेत, गोल डोके आहे, काडीसारखे हातपाय आहेत. पण म्हसे यांचा एक माणूस दुसऱ्यासारखा नाही. कोणी ओझ्याने वाकला आहे, कोणी पळता पळता मागे वळून पाहतो आहे, कोणाची कंबर नाचात थोडी जास्तच लवली आहे. त्यांनी काढलेले मासे पकडण्याचे जाळे पाहिले तर शेकडो बारीक रेघा असतात आणि सबंध जाळे पाण्यात हलत असल्यासारखे वाटते. चार साध्या आकारांतून त्यांनी ही जी हालचाल उभी केली, तीच त्यांची कला. आमच्या भिंतीवरचा माणूस पुठ्ठ्याच्या साच्याने छापलेला असतो. एकच माणूस चाळीस वेळा. त्याचा डावा पाय नेहमी पुढे, उजवा हात नेहमी वर. जणू कवायतीला उभा आहे. त्रिकोण घेतला, पण त्रिकोणातली चाल सुटली.

हे का होते? मास्तर आळशी म्हणून होत नाही. मास्तराला एक सोपे समीकरण शिकवले गेले म्हणून होते: दोन त्रिकोण बरोबर वारली, वारली बरोबर आदिवासी. यातले पहिले समीकरण कलेच्या दृष्टीने चुकीचे आहे आणि दुसरे माणुसकीच्या दृष्टीने. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांच्या सरावाच्या वह्या पाहा. संकल्पचित्रात काही सुचले नाही की कडेला त्रिकोणी माणसांची एक रांग उभी करायची, अशी वहिवाटच पडून गेली आहे. गरीब बिचारे वारली! लग्नाच्या चौकातून निघाले ते थेट परीक्षार्थीच्या समासात येऊन उभे राहिले.

*

आता जे आम्ही आमच्याच शेजाऱ्यांना केले, ते जगाने एका सबंध खंडाला केले आहे. शहरांतल्या शाळांतून हल्ली ‘जगातील कला’ असा एक उपक्रम घेतात. उद्देश स्तुत्य. त्यात एक दिवस आफ्रिकेचा. कागदी बशी घ्यायची, डोळ्यांना भोके पाडायची, लाल-काळे पट्टे ओढायचे, कडेला सुतळीचे केस चिकटवायचे, दात काढायचे. झाला ‘आफ्रिकन मुखवटा’. मुले आनंदाने तो तोंडाला बांधतात आणि आरडाओरड करीत वर्गभर नाचतात. तासाचा शेवट होतो तेव्हा आफ्रिकेविषयी त्यांना एकच गोष्ट कळलेली असते, ती म्हणजे तिथली माणसे आरडाओरड करीत नाचतात.

आफ्रिका हा देश नव्हे. आपल्या भारतासारखे नऊ देश ज्यात मावतील एवढे ते खंड आहे. तिथे ५४ राष्ट्रे आहेत आणि हजाराहून अधिक भाषा. कोण्या समाजात मुखवटा आहे, कोण्या समाजात तो मुळीच नाही. नायजेरियातल्या योरुबा लोकांत ‘गेलेदे’ नावाचा उत्सव असतो. त्यात पुरुष मुखवटे चढवून नाचतात ते आपल्या आयांना, आज्यांना, गावातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांच्या सामर्थ्याला मान देण्यासाठी. मुखवटा म्हणजे तिथे केवळ लाकडाचा तुकडा नसतो. वस्त्र, ढोल, गाणे, नाच आणि पाहणारे गाव या सर्वांचा मिळून तो होतो. भिंतीला टांगला की तो अर्धा मेला.

हे आपल्याला समजायला जड का जावे? जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात देवादिकांची सोंगे मुखवटे चढवून रात्रभर नाचतात. उद्या लागोसमधल्या एखाद्या शाळेने कागदी बशीला सोंड चिकटवली आणि खाली ‘आशियाई मुखवटा’ असे लिहिले, तर आपण पोट धरून हसू. म्हणू, अरे, हा गणपती आहे, हा बोहाड्यातला आहे, जपान्यांचा याच्याशी काय संबंध? ते हसणे योग्यच ठरेल. मग योरुबांनी आपल्याला का हसू नये?

शिवाय मराठी मुलाला आफ्रिका इतकी परकी असण्याचे कारणही नाही. निजामशाही सावरणारा, मोगलांना जेरीस आणणारा आणि जमीनमहसुलाची घडी बसवणारा मलिक अंबर हबशी होता. आजच्या इथिओपियाच्या भूमीतून गुलाम म्हणून आलेला. तो १६२६ साली वारला. जंजिऱ्याचे सिद्दी हेही आफ्रिकी वंशाचेच. इतिहासाच्या तासाला ही माणसे मुत्सद्दी आणि लढवय्यी असतात. चित्रकलेच्या तासाला मात्र त्यांचे खंड दात विचकणारे होते. एकाच शाळेतल्या दोन तासांची ही फारकत पाहून मौज वाटते आणि खेदही होतो.

एका विद्वानाची गोष्ट सांगतो. लिओ फ्रोबेनियस नावाचे जर्मन संशोधक १९१० साली नायजेरियातल्या इफे या योरुबांच्या पवित्र नगरीत गेले. तिथे त्यांना मातीची आणि धातूची माणसांची मस्तके दिसली. इतकी सुडौल, शांत आणि जिवंत की पाहणाऱ्याने पाहतच राहावे. आता सरळ निष्कर्ष कोणता? या लोकांच्या पूर्वजांनी ही घडवली. पण विद्वानांच्या मनात आफ्रिकी माणसाचे चित्र आधीच पक्के झाले होते. त्या चित्रात ही मस्तके बसेनात. तेव्हा त्यांनी तर्क लढवला की समुद्रात बुडालेल्या अटलांटिसची ही खूण असावी, ग्रीकांची कोणती तरी वसाहत इथे असावी! पुढे १९३८ साली इफेमध्येच एका घराच्या आवारात पाया खोदताना धातूची आणखी मस्तके निघाली आणि ती तिथल्याच कारागिरांची, हे जगाला मान्य करावे लागले. लहानपणी मनात बसलेले चित्र मोठेपणी विद्वत्तेलाही कसे आंधळे करते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

इफेशेजारच्या बेनिन राज्यातली पितळी शिल्पे तर इंग्रजांच्या फौजेने १८९७ साली राजवाडा लुटून उचलून नेली आणि ती युरोपच्या संग्रहालयांतून विखुरली. त्यांतली काही जर्मनीने २०२२ साली नायजेरियाला परत केली. ती घडवण्याची रीत अशी: मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, भाजून मेण वाहून जाऊ द्यायचे आणि पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. सातवीतल्या मुलाला हे सांगावे आणि लगेच म्हणावे की बाबा, इंद्रावतीच्या खोऱ्यात बस्तरचे घडवे नेमके याच रीतीने हत्ती, घोडे, देवीच्या मूर्ती ओततात. त्याच्या डोळ्यांत जी चमक दिसेल ती कागदी बशीच्या मुखवट्याने कधी दिसायची नाही. दोन दूरच्या मुलखांतल्या माणसांनी एकच अवघड युक्ती साधली, हे कळणे म्हणजेच जग कळणे.

*

‘मग शिकवायचे कसे ते तरी सांगा,’ असे कोणी विचारील. दिवाळीचे दिवस आहेत, तेव्हा उंबऱ्याबाहेरच्या रांगोळीपासूनच सुरुवात करू.

अंगोलाच्या ईशान्य भागात चोक्वे नावाचे लोक आहेत. त्यांच्यातले जाणते पुरुष संध्याकाळी गावाच्या बैठकीत वाळू सपाट करून तीवर बोटांच्या टोकांनी समान अंतरावर ठिपके उमटवीत. मग गोष्ट सांगता सांगता ठिपक्यांच्या मधून बोट फिरे आणि रेघ वळत वळत, कोठेही न थबकता, पुन्हा आरंभाशी येऊन मिळे. या चित्रांना ‘सोना’ म्हणतात. बोट अडखळले तर सांगणारा कच्चा ठरे. गोष्ट संपली की वाळू पुसायची. मुलगे वयात येताना रानातल्या शिबिरात ही विद्या शिकत. २०२३ साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

आपल्या आयाबहिणी दारात ठिपक्यांची रांगोळी काढतात, ती हीच की नाही? ठिपके तेच, वळणे तीच, दुसऱ्या दिवशी झाडूने पुसले जाणे तेच. फरक आहे तोही बोलका आहे. आपल्याकडे ही बायकांची विद्या, तिकडे पुरुषांची. आपली मुकेपणी निघते, तिकडची गोष्ट सांगत.

आणि यात आणखी एक गंमत आहे. पॉलस गेर्डेस या मोझांबिकच्या गणितज्ञाने या सोनांचा जन्मभर अभ्यास केला. चटईच्या विणीसारखा जो साधा सोना असतो, त्यात ठिपक्यांच्या आडव्या ओळी आणि उभ्या ओळी मोजाव्यात. त्या दोन संख्यांचा जो मसावि येईल, तितक्या वेगवेगळ्या रेघा लागतात. तीन ओळी आणि चार ओळी घेतल्या तर मसावि एक, म्हणून एकाच रेघेत सारे ठिपके वेढले जातात. चार आणि सहा घेतल्या तर मसावि दोन, म्हणून दोन रेघा. तीन आणि तीन घेतल्या तर तीन. रेघ दोन ठिपक्यांच्या मधून तिरपी चालवायची, कडेला पोहोचली की भिंतीवर आदळलेल्या चेंडूसारखी वळवायची, इतकाच नियम. या सुटीत आपल्या मुलांना चौकटीच्या वहीवर करून पाहू द्या. मसावि हा शब्द ऐकताच तोंड वाकडे करणारी मुले तासभर हलणार नाहीत. ज्या लोकांना आपण दात विचकणाऱ्या मुखवट्यात कोंबले होते, त्यांच्या वाळूतल्या रेघेत एवढे गणित दडले आहे, हे त्यांना कोणी व्याख्यान देऊन सांगावे लागणार नाही.

या एका धड्यात काय काय आले, पाहा. लोकांचे नाव आले: चोक्वे. ठिकाण आले. कोण काढतो, केव्हा काढतो, कशावर काढतो आणि नंतर त्याचे काय होते, हे आले. आपल्या अंगणाशी नाते आले. एका लोकसमूहाची एक वस्तू नीट शिकवली तर ती खंडभराच्या गोळाबेरजेपेक्षा जास्त शिकवते. वर्षात दहा खंड ‘उरकण्या’पेक्षा दोन गावे समजून घ्यावीत.

दुसरा धडा दक्षिण आफ्रिकेतल्या न्देबेले लोकांचा होईल. १८८३ साली बोअर लोकांशी झालेल्या लढाईत ते हरले, त्यांची जमीन गेली आणि माणसे गोऱ्यांच्या शेतांवर वेठीला वाटली गेली. अशा विखुरलेल्या लोकांच्या बायकांनी आपल्या घरांच्या भिंती रंगवणे चालू ठेवले आणि ‘आम्ही अजून आहोत’ हे त्या भिंतींवरून सांगितले. एस्थर महलांगू ही त्यांतली थोर चित्रकर्ती आई-आजीकडून दहाव्या वर्षी हे शिकली. कोंबडीच्या पिसाचा कुंचला, हाती पट्टी नाही, आधी पेन्सिलीची खूण नाही, तरी तिची काळी रेघ भिंतीवर सरळ उतरते. १९८९ साली पॅरिसमध्ये जगातल्या चित्रकारांचे एक मोठे प्रदर्शन भरले. त्यात एस्थर महलांगू होत्या, आमचे जिव्या सोमा म्हसे होते आणि मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे जनगढ सिंह श्याम होते. एक न्देबेले, एक वारली, एक परधान. तिघांचीही विद्या घराच्या भिंतीवरून आलेली. तिथे कोणी ‘आफ्रिकी’ आणि ‘आदिवासी’ अशा दोन गठड्या बांधल्या नव्हत्या. प्रत्येकाचे नाव चित्राबरोबर होते. पॅरिसला जे जमले ते आमच्या तालुक्याच्या शाळेला न जमण्यासारखे त्यात काही नाही.

*

आक्षेप येणारच. पहिला आक्षेप असा की कलेला सीमा नसते. पिकासोनेही आफ्रिकी शिल्पांवरून उचलले, मग आमच्या पोरांनी का उचलू नये? जरूर उचलावे. पण पिकासोने जे घेतले ते पचवून स्वतःचे केले आणि तरीही ज्यांच्यापासून घेतले त्यांची नावे जगाने फार दिवस विचारली नाहीत, हा त्या गोष्टीतला डाग आहे. डागाचा कित्ता कशाला गिरवायचा? उसने घेणाऱ्याने सावकाराचे नाव विसरू नये, एवढेच म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. ‘गोंडाच्या मुलाने गोंडी चित्रच काढावे, कोलामाच्या मुलाने कोलामीच, असे तुम्ही म्हणता की काय? म्हणजे पुन्हा प्रत्येकाला त्याच्या जातीच्या खुंट्याला बांधणे आले.’ छे, तसे मुळीच नाही. आत्रामच्या पोराला मोटारसायकल काढायची असेल तर त्याने मोटारसायकलच काढावी. वारली चित्रकारही आता आगगाडी आणि मोटारी काढतात आणि त्या चित्रांना त्यामुळे बाध येत नाही. माझे भांडण मुलाच्या वहीशी नसून भिंतीशी आहे. वही मुलाची, त्यात त्याची मर्जी. भिंत गावाची, तिच्यावर ‘हे तुम्ही’ असे लिहायचे असेल तर ते खरे असले पाहिजे.

मग आमच्या भिंतीवर काय असावे? इथेही घाई नको. पुष्कळ जण उत्साहाने म्हणतात, वारली नको तर ‘गोंड चित्रकला’ काढू. आणि ठिपक्यांनी, रेघांनी भरलेले हरण आणि मोर काढतात. ती शैली जनगढ सिंह श्याम आणि त्यांच्या पाटणगढच्या परधान मंडळींनी उभी केली. १९८०च्या सुमारास भोपाळच्या भारत भवनाने जनगढना पुढे आणले आणि २००१ साली परक्या देशात, जपानमध्ये, त्यांचा अंत झाला. ती चित्रे अपूर्व आहेत, पण ती मंडला-दिंडोरीकडची. तीही आमच्याकडे पाहुणीच.

आमचे आमच्याजवळ आहे, पाहायला मात्र हवे. चंद्रपूरला गोंड राजांनी बांधलेला कोट आहे, सुमारे अकरा किलोमीटरचा. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा या त्याच्या वेशी. त्यांच्यावर हत्तीला नमवणारा सिंह कोरला आहे. गोंड राजांचे ते चिन्ह. त्याच्या खालून रोज शेकडो मुले सायकलने शाळेत जातात आणि वर मान करून कोणी पाहत नाही. राणी हिराईने पतीसाठी बांधलेली समाधी तिथेच आहे. एका गोंड राणीने उभारलेली वास्तू म्हणून ती किती मुलांना ठाऊक आहे? भामरागडकडे माडिया लोक आपल्या मृतांसाठी मोठाले दगड उभे करतात. हजारो वर्षांपूर्वीची म्हणून पुस्तकात वाचलेली रीत तिथे काल-परवापर्यंत जिवंत दिसते. आज्यांच्या हातांवर, कपाळावर, पोटऱ्यांवर गोंदण आहे; नाव असलेले. बुरडाच्या अंगणात बांबूची सुपे, टोपल्या, डाल्या विणल्या जातात, त्यातली दोन वर दोन खाली ही वीण म्हणजे उत्तम संकल्पचित्रच. व्हेरियर एल्विन यांनी १९५१ साली मध्य भारतातल्या आदिवासींच्या कलेवर एक मोठा ग्रंथ लिहिला. मैत्रिणीसाठी लाकडी फणी कोरणाऱ्या मुरिया तरुणाची नोंद घ्यायला त्यांना इंग्लंडहून यावे लागले. आमच्या शाळेला तर केवळ फाटकाबाहेर यायचे आहे.

मात्र एक सावधगिरी हवी. दिसले ते सारे भिंतीवर उतरवायचे, असे नव्हे. मृताचा दगड ही शोभेची वस्तू नाही. ज्या घरचा तो आहे त्यांना विचारावे. ते नको म्हणाले तर मुलांनी तो नुसता पाहावा, त्याच्याविषयी ऐकावे आणि हात जोडून परत यावे. काही गोष्टी काढायच्या नसतात, हेही चित्रकलेच्या तासालाच शिकायला हवे. मुलांना हे फार चटकन कळते. आपल्या देवघरातल्या टाकांचे खेळणे करत नाहीत, हे त्यांना ठाऊक असतेच.

हे सारे करायला पैसा लागत नाही. रविवारी एका म्हाताऱ्या बाईला शाळेत बोलवावे, तिला चहा द्यावा आणि तिच्या गोंदणाची नावे मुलांनी वहीत लिहून घ्यावीत. ती नावे बहुधा गोंडीत असतील. मास्तरला ती समजणार नाहीत आणि वर्गातल्या शेवटच्या बाकावरचे, एरवी तोंड न उघडणारे पोर उठून ती मराठीत सांगेल. त्या दिवसापुरते मास्तर विद्यार्थी होईल आणि पोर मास्तर. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळाच काढली. आपल्याला निदान एक तास तरी काढता येईल.

शाळाशाळांतून या दिवसांत भिंती पुन्हा रंगवल्या जातात. रंगवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की वारल्यांना राहू द्यावे, न्देबेल्यांनाही बोलवावे, चोक्व्यांची रेघही एखाद्या खांबावर फिरू द्यावी. पण प्रत्येक चित्राखाली ‘आदिवासी कला’ किंवा ‘आफ्रिकी कला’ न लिहिता त्या लोकांचे नाव, गाव आणि काढणाऱ्याचे नाव ठाऊक असल्यास तेही लिहावे. आणि फाटकासमोरची, सर्वांत आधी दिसणारी भिंत काही दिवस कोरी ठेवावी. तिच्यावर काय यावे, हे त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि सातवीच्या मुलांना एकत्र बसवून ठरवू द्यावे. त्यांना वर्षभर लागले तरी चालेल.